अबू शकीबची मिशी

बुरहान तिनावीला स्वतःची मिशी कधीच नीट आली नाही. वरच्या ओठावर तीन ठिकाणी तीन झुपके यायचे आणि मधली जागा ओसाड राहायची, म्हणून तो रोज सकाळी सगळंच साफ करून टाकायचा. अशा माणसाला परमेश्वराने आणि दिग्दर्शकाने मिळून अबू शकीबचं काम दिलं, यात थट्टा कुणाची जास्त होती ते सांगणं कठीण आहे. अबू शकीब म्हणजे ‘सात विहिरींची गल्ली’ या मालिकेतला गल्लीचा म्होरक्या. शंभर वर्षांपूर्वीचं दमास्कस, वर फ्रेंचांचा अंमल, खाली दगडी फरशीची गल्ली, आणि त्या गल्लीत अबू शकीब बोलेल तो शेवटचा शब्द. त्याच्या मिशीची दोन्ही टोकं कानाला लागायची तेवढी बाकी होती.

रमजानात रोज संध्याकाळी रोजा सुटला, मसुराचं सूप पोटात गेलं, की सगळं शहर या मालिकेपुढे बसायचं. वीज नसेल तर बॅटरीवर, बॅटरी नसेल तर शेजाऱ्याकडे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. एका वर्तमानपत्रवाल्याने बुरहानला विचारलं, की इतकी जुनी गोष्ट आजच्या माणसाला इतकी जवळची का वाटते? बुरहानने मूल्यं, परंपरा, मुळं असं बरंच काही सांगितलं. ते छापून आलं, आणि सलवाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते वाचत वाचत कोथिंबीर निवडली.

“जवळची का नाही वाटणार?” ती म्हणाली. “त्यांच्याकडे वीज नाही, आपल्याकडे नाही. त्यांना पाणी विहिरीवरून आणावं लागतं, आपल्याला टँकरवरून. पावासाठी रांग तिथेही आणि इथेही. फरक एवढाच, की त्यांच्याकडे अबू शकीब आहे आणि माझ्या वाट्याला तुम्ही आलात.”

यात थट्टा होती, पण सगळीच नव्हती. बुरहानला ते लागलं, कारण हल्ली सगळं गाव त्याच्याशी असंच वागत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईच्या गॅलरीतून खालच्या बाईच्या धुण्यावर पाणी गळायचं. दोघी भांडत त्याच्या दारात आल्या. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, वरच्या बाईंनी नळीला फडकं बांधावं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“ते झालं तुमचं,” खालची म्हणाली. “अबू शकीब काय म्हणतात ते विचारून सांगा ना.”

बुरहान आत गेला, जरा वेळ मोरीत उभा राहिला, बाहेर आला आणि आवाज छातीतून काढून म्हणाला, “फडकं बांधा!” वरच्या बाईने त्याच दुपारी फडकं बांधलं.

आता या माणसाला मुलगा होता, यझन. दाताच्या कवळ्या बनवायचा, स्वभावाने गरीब, आणि मैदान भागातल्या, हज करून आलेल्या हाज मुवफ्फकच्या मुलीवर, लुजैनवर त्याचा जीव जडला होता. लुजैन औषधाच्या दुकानात बसायची. डोकेदुखीच्या गोळ्या घेता घेता यझनचं डोकं पुरतं बिघडलं होतं. तिलाही तो हवा होता. अडचण फक्त बापाची होती. हाजचं दोरखंड आणि पोत्यांचं दुकान, स्वभाव त्या दोरखंडासारखाच. पहिला निरोप गेला तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं, “नटाच्या पोराला मुलगी? बाप आज सरदार, उद्या भिकारी, परवा मेलेला आणि तेरवा पुन्हा जिवंत. अशा घरात पोरीने सासरा म्हणायचं कुणाला?”

मग त्याला कळलं, की हा नट म्हणजे तोच. तेव्हा दुसरा निरोप आला. अबू शकीब स्वतः मागणी घालायला आले, तर त्यांना नाही म्हणणारा मी कोण? पण यायचं तर त्यांनी. तो नट नको. दिवसही त्यानेच ठरवून टाकला, येत्या गुरुवारी, रोजा सुटल्यावर.

“म्हणजे मी मिशी लावून जायचं?” बुरहान म्हणाला. “सलवा, ही फसवणूक आहे.”

“आयुष्यभर परक्या लोकांना फसवलंत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदा पोटच्या पोरासाठी फसवा.”

“आणि गुरुवारीच? गुरुवारचा भाग कुठला आहे माहीत आहे तुला?”

सलवाला माहीत नव्हतं. बुरहानला होतं. चार-पाच दिवसांपूर्वी लागलेल्या भागात अबू शकीबने गल्लीतल्या खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातावर आपल्या मिशीचा एक केस उपटून ठेवला होता. जुन्या माणसांची तीच रीत. कागद नाही, साक्षीदार नाही, मिशीचा केस तारण ठेवला की शब्द पक्का. शब्द असा होता, की गल्लीच्या विहिरी मी कुणालाही विकू देणार नाही. सगळं शहर त्या रात्री रडलं होतं. आणि येत्या गुरुवारी हाच अबू शकीब त्या विहिरी गिरणीवाल्याला विकून टाकणार होता. चित्रण होऊन गेलं होतं. असं का, असं बुरहानने लेखकाला विचारलंही होतं. मुनझिर नावाचा तो तरुण लेखक रोजच्या रोज लिहून देत असे, आणि उपासामुळे दिवसभर सिगारेट नसल्याने कुणाच्याही अंगावर जात असे. “धक्का आहे, साहेब!” तो खेकसला होता. “आजच्या प्रेक्षकाला धक्का लागतो.” शेवट काय करणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

“मग त्या आधी उरकून या,” सलवा म्हणाली. “मागणी घालायची, हो म्हणवून घ्यायचं, कॉफी प्यायची आणि उठायचं. कॉफी घशाखाली उतरली, की मग विहिरी विका नाहीतर अख्खं दमास्कस विका.”

तिचं खरं होतं. मागणीला वडीलधाऱ्यांची जी तुकडी जाते, तिला तिकडे जाहा म्हणतात. जाहाच्या पुढाऱ्यापुढे आधी कॉफीचा पेला ठेवतात. तो त्याला शिवत नाही. आपलं मागणं बोलून दाखवतो, आणि पलीकडून ‘प्या’ असं आलं तरच पेला तोंडाला लावतो. एकदा प्यायली की बात पक्की, मग माघार नाही. आणि पेला तसाच राहिला, तर आल्या पावली परत.

मिशी रंगभूषाकार वार्तानकडून आणली. वार्तानने ती लेकीची पाठवणी करावी तशी स्वाधीन केली. “दुसरी दिव्यावर जळाली, ही एकच उरली आहे. बाहेरून केस येत नाहीत, डिंक येत नाही, काही येत नाही. हसायचं नाही. गरम सूप प्यायचं नाही. घाम येऊ द्यायचा नाही. आणि कुणी गालाला गाल लावला तर डावीकडून लावू दे. उजवी बाजू कच्ची आहे.”

गुरुवारी जाहा निघाली. बुरहान अंगावर काळा पायघोळ अबा आणि ओठावर अबू शकीब घेऊन पुढे, मागे सलवाचा भाऊ रातिब, त्याच्यामागे एक लांबचे काका, ज्यांना केवळ त्यांच्या भरघोस दाढीमुळे आणलं होतं, आणि शेवटी नवा सदरा घातलेला यझन. हाज मुवफ्फक दारातच उभा होता. उंच, हाडापेराने मजबूत, डोळे भरून आलेले.

“अबू शकीब! माझं घर उजळलं!” असं म्हणून त्याने बुरहानला मिठी मारली आणि उजव्या गालाला गाल लावला. एकदा, दोनदा, तीनदा. बुरहानला ओठाच्या टोकाशी थंड वारा लागल्यासारखं झालं.

सगळे बसले. हाजची बायको उम्म तमीम आणि लुजैन आतल्या खोलीच्या दाराशी बसल्या. वेलदोड्याची कॉफी आली. बुरहानने आपला पेला समोरच्या तिवईवर ठेवला, घसा खाकरला आणि घाईघाईने सुरुवात केली. “हाज, आम्ही ज्या कामासाठी आलो आहोत...”

“अहो, घाई काय आहे!” हाज म्हणाला. “बसा तर. आधी तुम्हाला बघू आणि मग तुमच्याशी बोलू. मालिका लागेलच आता.”

“मालिका काय, रोजचीच आहे. कॉफी गार होईल.”

“आपल्या घरात अबू शकीब बसलेत आणि समोरही अबू शकीब. असा योग पुन्हा येणार आहे का?”

तेवढ्यात वीज गेली. बुरहानने मनातल्या मनात परमेश्वराचे आभार मानले आणि वीजमंडळाला आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला. पण हाज मुवफ्फक कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने पलंगाखालून गाडीची बॅटरी ओढून काढली, दोन तारा जोडल्या, आणि अंधारात फक्त टीव्ही तेवढा उजळला. ओळखीचं शीर्षकगीत सुरू झालं. काकांनी मांडी घातली.

पुढचा सगळा वेळ बुरहान आपल्याच तोंडाकडे बघत बसला होता. पडद्यावर अबू शकीब गिरणीवाल्याच्या बैठकीत शिरला. बसला. इकडेतिकडे पाहिलं. मग कागदावर अंगठा उठवला. उठता उठता त्याने असा काही चेहरा केला, की लाजही वाटते आहे आणि सुटल्यासारखंही वाटतं आहे. तेव्हा दिग्दर्शकाने त्या चेहऱ्यासाठी बुरहानला मिठी मारली होती. भाग संपला. सगळ्या पेल्यांतली कॉफी गार झाली होती.

“विकल्यात,” हाज म्हणाला.

“हाज, ते लेखकाने...”

“विहिरी विकल्यात.”

“अहो, मी नाही विकल्या! लेखक लिहितो, मी म्हणतो. उद्या त्याने लिहिलं की गाढव हो, तर मी गाढव होईन. हे काम आहे माझं.”

“बाबा, टीव्ही आहे तो,” लुजैन दाराशी म्हणाली.

“टीव्ही आहे हे मला कळतं! मी काय वेडा आहे?” हाज ओरडला आणि बुरहानकडे वळला. “नाटक असतं तर मला कळलं असतं. तुमच्या डोळ्यांत खोट दिसत होती. मनात खोट नसलेला माणूस एवढी खोट कुठून आणेल?”

नटाला आयुष्यात इतकं मोठं कौतुक मिळत नाही, आणि इतक्या वाईट वेळी तर नाहीच. बुरहानला हसावं की रडावं कळेना. त्याला हसायची बंदी होती. यझन आपल्या बुटांकडे बघत होता, आणि ते पाहून बुरहानचं काळीज तुटलं. या पोराने लहानपणापासून बापाला शंभर वेळा मरताना पाहिलं होतं, पण कधी काही मागितलं नव्हतं.

“काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल, ते सांगा,” तो म्हणाला. “मुलीला माझ्या घरात कधी दुःख होणार नाही, असा शब्द देतो.”

“कशावर देता?”

“कशावर म्हणजे?”

“खोगीरवाल्याला जसा दिलात तसा द्या. एक केस.”

अंधारात टीव्हीचा निळा उजेड, आणि सगळ्यांचे डोळे बुरहानच्या वरच्या ओठावर. त्याने डाव्या टोकाला हात घातला, एक केस चिमटीत धरला आणि जीव मुठीत धरून हलकेच ओढला. केस निघाला नाही. जरा जोर लावला. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत अख्खी मिशी, फडक्यासारखी, त्याच्या हातात आली.

“अल्लाह!” काका ओरडले. “एक मागितला तर सगळी दिली!”

रातिबने त्यांना कोपर मारलं. बुरहान तसाच बसून राहिला, नागडा ओठ घेऊन. हाज आता हाकलून देणार, यझन आपल्याशी जन्मात बोलणार नाही, सलवा तर बोलतच राहणार. पण हाज हलला नाही.

“उजवीकडून मघाशीच सुटली होती,” तो शांतपणे म्हणाला. “तीनदा गालाला गाल लावला, मला काय कळत नाही, अबू यझन?”

अबू यझन, म्हणजे यझनचा बाप. त्या घरात बुरहानला त्याच्या खऱ्या नात्याने पहिल्यांदाच कुणी हाक मारली होती.

“मग मागितलात कशाला?”

“खऱ्या मिशा पाहिल्यात मी.” हाजने आत दाराकडे एकदा पाहिलं. “मला सगळे अबू तमीम म्हणतात, तुम्हीही म्हणाल. तमीम कोण, असं कुणी विचारत नाही. मोठा मुलगा माझा. परीक्षेला निघाला होता, चौकीवर बसमधून उतरवला. मी धावत गेलो. तिथे एक अधिकारी होता, ही एवढी मिशी, खरी, काळीभोर. त्याने मिशीवर हात ठेवला आणि म्हणाला, हाज, दिवस मावळून मगरिबची नमाज व्हायच्या आत मुलगा घरी येईल. कुठल्या मगरिबच्या, ते बोलला नाही.”

उम्म तमीमने दाराआड नाक ओढल्याचा आवाज झाला.

“तेव्हापासून मी ही मालिका बघतो. माणसाला दिवसाकाठी घटकाभर तरी असं कुठेतरी बसावं लागतं, जिथे कुणी मिशीला हात लावून शब्द दिला की तसं होतं. बाकी मला काही नको होतं, तुमचे ते फ्रेंच नको आणि तुमच्या त्या तलवारी नकोत. आज तुम्ही तिथल्याही विहिरी विकल्यात. मग आता मी कुठे जाऊन बसू, सांगा?”

बुरहानने आयुष्यभर इतके संवाद पाठ केले होते, त्यातला एकही या जागी बसेना. हाजने त्याच्या हातातून ती मिशी घेतली, रुमालात नीट गुंडाळली आणि उठला.

“हाज, ती खोटी आहे,” बुरहान काकुळतीला आला. “आणि मला उद्या लागणार आहे. शेवटचे भाग व्हायचेत.”

“तुमची खोटी असेल. अबू शकीबची खरीच आहे, त्याला दुसरी कुठली आहे?” हाजने रुमाल कपाटात ठेवून कुलूप लावलं. “विहिरी परत आल्या की मिशी परत. आणि कॉफी तेव्हाच प्यायची.”

दुसऱ्या दिवशी चित्रीकरणाच्या ठिकाणी वार्तान ऊर बडवून रडला. निर्मात्याने नवी मिशी करायला सांगितली. केस नव्हते. घोड्याच्या शेपटीचे आणा, असं कुणी सुचवलं, तर मालिकेतल्या एकुलत्या एका घोड्याने वार्तानला लाथ मारली. शेवटी निर्माता स्वतः तीन पांढऱ्या दाढ्या जमवून हाज मुवफ्फककडे गेला. मिशी मागायला जाहा निघाल्याचं दमास्कसच्या इतिहासात दुसरं उदाहरण नसावं. हाजने रीतसर कॉफी पुढे ठेवली. निर्मात्याने आपलं मागणं सांगितलं. हाज म्हणाला, आधी विहिरी. चारही पेले न पिता तसेच परत गेले.

मुनझिर लेखक संतापला. “एक दोरखंडवाला मला शेवट सांगणार? माझी एक दृष्टी आहे! माझा अबू शकीब सगळं विकून परदेशी जातो, हे आजचं सत्य आहे!”

“जाऊ दे ना,” निर्माता म्हणाला. “पण मिशीशिवाय जाईल कसा? लोक म्हणतील, हा कोण चालला?”

तेव्हा बुरहान बोलला. “मला असाच दाखवा.”

“कसा?”

“असाच, बिनमिशीचा. गल्लीत येतो, कुणी ओळखत नाही. मग काय बोलायचं ते बघतो मी.”

“बघतो म्हणजे? संवाद मी लिहितो!”

“लिही ना. पण सिगारेट मिळेपर्यंत तुला सुचणार नाही आणि तोपर्यंत ऊन जाईल.”

हे मात्र खरं होतं. बुरहान उघड्या ओठाने गल्लीत चालत आला. आजूबाजूच्या नटांनी त्याला खरंच ओळखलं नाही, कारण कित्येक वर्षांत त्यांनी त्याच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं. तो खोगीरवाल्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने अबू शकीबचा छातीतला आवाज काढायचा प्रयत्न केला. तो निघेना. मग तो आपल्या रोजच्या बारीक, जरा चिरक्या आवाजात म्हणाला, “काका, घर गिरणीवाल्याला देऊन आलो. विहिरी परत आणल्यात. एका केसावर शब्द दिला होता, तो मोडला. मग बाकीची मिशी कुठल्या तोंडाने ठेवू?”

दिग्दर्शक ‘थांबा’ म्हणायचंच विसरला. मुनझिर तेवढा कोपऱ्यात बसून, हे मीच लिहिलं आहे असा चेहरा करून मान हलवत होता.

शेवटचा भाग ईदच्या आदल्या संध्याकाळी लागला. पुढे काही दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होती. टीव्हीवर एक प्राध्यापक येऊन बसले आणि म्हणाले, की मिशीचं नसणं हे आधुनिक माणसाच्या रिकामपणाचं प्रतीक आहे, आणि म्हणूनच इतिहास आपल्याला आपला वाटतो. दुसरे प्राध्यापक म्हणाले, प्रतीक नाही, ती टीका आहे. दोघे हातघाईवर आले. न्हाव्यांकडे रांगा लागल्या, बापेमाणसं भराभर मिशा उतरवू लागली, आणि ज्यांनी कुणाला काही शब्द दिला होता त्यांनी आधी उतरवल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईने बुरहानला विचारलं, की आता अबू शकीबना कुठे गाठायचं?

हे सगळं नंतर झालं. त्या संध्याकाळी मात्र बुरहान, यझन, रातिब आणि काका पुन्हा हाजच्या घरी, त्याच जागी बसले होते. या वेळी सलवाही आली होती, आणि आत उम्म तमीमच्या शेजारी बसून तिच्या हातावर हात ठेवून होती. कॉफी पुढे आली. बुरहानने घसा न खाकरता पेला तिवईवर ठेवला आणि टीव्हीकडे तोंड केलं. पडद्यावरचा तो उघडा माणूस चिरक्या आवाजात बोलला तेव्हा हाज मुवफ्फकने डोळे मिटून घेतले. भाग संपला तरी ते उघडेनात. यझनचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

“प्या,” हाज म्हणाला.

बुरहानने पेला तोंडाला लावला. काकांनी आपला पेला एका घोटात संपवला आणि रातिबचाही प्यायले. आत बायकांनी आनंदाची अशी काही ललकारी दिली, की शेजारची माणसं गॅलरीत आली. यझन रडत होता आणि लुजैन त्याला दाराआडून दटावत होती, की रडू नकोस, बघतायत सगळे. तिळाची बिस्किटं आली, चिंचेचं सरबत आलं. सलवाने येता-जाता बुरहानच्या खांद्याला नुसता हात लावला. एवढ्या संसारात ती अशी गप्प पहिल्यांदाच राहिली असेल. हाजने कपाटातून रुमाल काढून दिला. बुरहानने तो खिशात ठेवला. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं. पोराचं काम झालं, आणि तेही स्वतःच्या तोंडाने झालं, यात त्याला भारी सुख होतं.

निघताना हाजने त्याला जिन्यात बाजूला घेतलं.

“अबू यझन, पुढच्या रमजानात मालिका आहे ना?”

“आहे म्हणतात.”

“त्या खोगीरवाल्याचा मुलगा. मागे एकदा फ्रेंच सैनिक त्याला घेऊन जातात, आठवतं? पुढे त्याचं काहीच दाखवलं नाही तुम्ही.”

बुरहानला आठवत नव्हतं. लहानसं काम होतं. तो पोरगा पुढे जर्मनीला निघून गेला, म्हणून मुनझिरने ते पात्रच सोडून दिलं होतं. “हो,” तो म्हणाला.

“तुमच्या त्या लेखकाला सांगा, त्याला परत आणा म्हणून. मोठं काही नको, लढाई नको, गाणं नको. दार वाजतं, तो आत येतो आणि आईला विचारतो, जेवायला काय आहे. एवढंच.” हाज जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होता. “शब्द नका देऊ, नुसतं सांगून बघा.”

“सांगतो,” बुरहान म्हणाला.

हाज वर जायला वळला, दोन पायऱ्या चढला आणि थांबला.

“आणि त्याला फार वाळलेला नका दाखवू,” तो म्हणाला. “हिला बघवणार नाही.”